उतीनं केळं खाल्लं

मलांग, ९ ऑगस्ट २०२३

प्रिय इबू,

अस्सलामु अलैकुम. तुमच्या डोळ्यांवरची पट्टी सुटली आणि सुटल्या दिवशीच तुम्ही तांदूळ निवडायला बसलात, असा तुमच्या लेकीचा, विविकचा निरोप आला. वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली होती हेही तिनं कळवलंय, रडणाऱ्या चार चेहऱ्यांसकट. गिलांगला दाखवलं तर तो म्हणाला, "आईला गप्प बसवायला डॉक्टरचं काम नाही, पोलीस लागेल." (म्हणाला म्हणजे हातांनी. पण तुम्हाला आता ते वेगळं सांगायला नको.)

फोन असताना कागद कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन विविकचा आहे. माझा निरोप आला की ती तो मोठ्यानं वाचते आणि कुंपणापलीकडच्या दोघी-तिघी ऐकतात, हे मला न ऐकताही माहीत आहे. तुमचे डोळे बांधलेले होते तोवर दुसरा इलाज नव्हता. आता तुम्हाला स्वतःला वाचता येतंय. तेव्हा हे पत्र कृपा करून एकटीनं वाचा.

इकडे सगळं बरं आहे. गिलांगच्या गॅरेजात मोटारसायकली रंगवायचं काम भरपूर आहे. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं टाकीवर गरुड काढून मागितला, यानं काढलेला गरुड तुमच्या तुरेवाल्या कोंबड्यासारखा झाला, तरी गिऱ्हाईक खूश. मी पुन्हा तेंपेच्या सोयाबीन-वडीचे काप तळायला जाऊ लागलेय, अर्धाच दिवस. मालकीणबाईंनी भट्टीपासून लांब, खिडकीपाशी झोळी बांधू दिलीय. विदुरी बाळ तिथं निजतं. बाळ छान आहे. दूध पोटभर पितं, वजन वाढलंय, नाक अगदी तुमचं आहे.

सेनोची बालवाडी सुरू झाली. परवा बाईंनी चिठ्ठी दिली. मी घाबरतच उघडली. लिहिलं होतं, "सेनो हुशार आहे, पण अखंड बोलतो. इतर मुलांना बोलायला वाव मिळत नाही. घरी थोडं समजवाल का?" इबू, आमच्या घरातलं माणूस जास्त बोलतं म्हणून तक्रार आली! गिलांगनं ती चिठ्ठी भिंतीवर चिकटवलीय.

ती चिठ्ठी बघितली की मला तुम्ही आमच्याकडे राहिलात तो महिना आठवतो. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी नीट मानलेच नाहीत. तुम्ही म्हणाल, मी तिथंच होते, मला काय सांगतेस? पण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं हे तुम्हाला ठाऊक नाही.

सेनोला दोन वर्षं पूर्ण व्हायची होती. आमच्या गल्लीत दर महिन्याला मुलांची वजनं होतात, तिथं बू एन्दा नोंद करतात. वजन झालं, उंची झाली, मग त्यांनी नेहमीचा प्रश्न कागदावर लिहून माझ्यापुढे धरला. मूल किती शब्द बोलतं? मी लिहिलं, "मला ऐकू येत नाही, कसं सांगू?" त्या बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांनी सेनोलाच विचारून बघितलं. तो माझ्या झग्यात तोंड खुपसून बसला. मग रांगेतल्या बायकांना विचारलं. कोणी म्हणालं (हे मला नंतर कळलं), "नुसता आ-आ करतो." कोणी म्हणालं, "आईबाप दोघंही मुके, ते काय बोलणार?" बू एन्दांनी लिहिलं, एकही नाही. आणि ती गोष्ट ब्लितारला तुमच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे, चौथ्या दिवशी तुम्ही रिकामी पिशवी घेऊन दारात उभ्या. पिशवी सेनोच्या कपड्यांसाठी होती.

तुम्ही आत येऊन पाणीसुद्धा घेतलं नाहीत. "पोराला मी घेऊन जाते," म्हणालात. तुमचे ओठ मला नेहमीच नीट वाचता आले आहेत. गिलांगला बोलायला शिकवताना इतकी वर्षं तुम्ही तोंड पुरं उघडून बोललात, ती सवय गेली नाही. "या घरात त्याच्या कानावर काय पडणार? तेलाची चरचर? चार वर्षं माझ्याकडे राहू दे. बोलता झाला की आणून सोडते."

गिलांग चिडला. त्याचे हात भराभर चालायला लागले, आणि तुम्ही त्याची दोन्ही मनगटं धरून खाली दाबलीत. "हात खाली. तोंडानं बोल." एकतीस वर्षांचा माणूस, बापाएवढा उंच, आणि त्याचे हात खाली गेले. लहानपणी जेवणाआधी, शाळेआधी, झोपण्याआधी हेच व्हायचं, असं त्यानं मला लग्नाआधी सांगितलं होतं. बघितलं मात्र त्या दिवशी.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला त्या काळी सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. हातांनी बोलू दिलंत तर तोंड कधीच उघडणार नाही. एकट्या बाईनं पोटच्या पोराच्या तोंडून 'भात' हा शब्द यावा म्हणून दोन वर्षं घालवली. नातवाच्या बाबतीत पुन्हा तेच नशिबी आलं, असं तुम्हाला वाटलं असणार.

बू एन्दांनी दिलेली दवाखान्याची चिठ्ठी दुसऱ्या दिवसाची होती म्हणून तुम्ही एक दिवस थांबलात. म्बाक नास्तिती आठवते ना? मुलांचं बोलणं तपासणारी, कॉलेजातल्या मुलीसारखी दिसणारी. तुम्ही तिला बघून म्हणालात, "हिला स्वतःला मूल आहे का?" ती हसून म्हणाली, "नाही, इबू. म्हणूनच तर मी आयांना विचारते." मग ती फळ्यावर लिहीत आणि तुमच्याशी बोलत गेली. "मी याला अर्धा तास बघणार. परक्या खोलीत हा लपून बसणार. घरात तो काय बोलतो ते घरच्यांनाच माहीत असतं. म्हणून ही यादी. यातले कोणते शब्द तो आपणहून वापरतो, त्यांवर खूण करायची."

मी लिहिलं, "मला ऐकू येत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, "दिसतं ना?"

मला कळेना. तिनं पुढं लिहिलं, "दूध हवं असेल तर काय करतो?" मी दुधाची खूण करून दाखवली. "आणि ती खूण तो दुधासाठीच करतो? प्रत्येक वेळी?" मी मान हलवली. "मग तो शब्द आहे. खूण कर."

इबू, मला तोवर माझ्या मुलाबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं. डॉक्टर गिलांगच्या बहिणीला, विविकला विचारायचे, बू एन्दा रांगेतल्या बायकांना विचारायच्या. त्या मुलीनं पेन माझ्या हातात दिलं.

मग ती तुमच्याकडे वळली. "तोंडचे शब्द मात्र ऐकणारं माणूसच सांगू शकेल. इबू, तुम्ही याला घेऊन गेलात तर हातांचे शब्द कोण मोजणार? आणि तुम्ही एकट्या परत गेलात तर तोंडचे कोण? काही दिवस इथंच राहाल का?" तुम्ही बराच वेळ पिशवीचा बंद चाळवत होतात. मग म्हणालात, "राहते. पण मी खोटी खूण करणार नाही हं, सांगून ठेवते."

त्याच आठवड्यात सेनोचे कान तपासले. दोन्ही कान उत्तम. तुम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून ओंजळीत तोंड घेऊन रडलात. मग वर बघून म्हणालात, "वाचलं गं पोर."

ते मी तुमच्या ओठांवर वाचलं. गिलांगनंही वाचलं. आम्ही दोघं त्यावर आजवर एकमेकांशी काही बोललेलो नाही.

पुढं लिहिते. भात लावून आले.

तुम्ही राहिलात आणि कामाला लागलात. सकाळपासून सेनोच्या मागं मागं. कोंबडी दिसली की तो काहीतरी आवाज करायचा, तुम्ही विचारात पडायचात आणि मान हलवायचात. "मांजरालाही तोच आवाज. नाही धरणार." तुमचा रकाना सावकाश भरत होता, पाच, सहा, मग एकदम आठ. माझा भराभर भरत होता. पंखा, मोटारसायकल, अजून, नको, बाबा, गरम, संपलं, मासा. तुम्ही चष्म्यावरून बघायचात. एकदा कॅलेंडरच्या पाठीवर मला लिहून दाखवलंत, "तू सूनबाई, दुकानदारासारखं माप वाढवतेयस. हात हलवला की झाला का शब्द?" मला राग आला होता. मी लिहिलं, "बसून बघा." तुम्ही लिहिलंत, "बघतेच."

आणि मग ती केळ्याची भजी.

मी सकाळी तळून झाकून ठेवली होती. दुपारी कामावरून आले तर ताटलीत एकही नाही. सेनो धावत आला. त्यानं तुमच्याकडे, त्याच्या उती-आजीकडे बोट केलं, मग खाण्याची खूण, मग केळं, मग दोन्ही तळवे उघडून 'संपलं'. मी हसत सुटले. तुम्ही दारात उभ्या, ओठांना तेल लागलेलं. "काय म्हणतोय तो?"

मी लिहिलं, "उतीनं केळं खाल्लं. संपलं."

तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत, मग त्याच्याकडे. तो पुन्हा सांगायला लागला, या खेपेला जास्त जोरात, कारण त्याला एकही मिळालं नव्हतं. "अरे चहाडखोरा!" तुम्ही म्हणालात. मग भिंतीला टेकून इतक्या हसलात की ओढणी घसरली. "दोन वर्षांचं पोर आजीच्या चहाड्या करतंय आणि गल्लीतल्या बाया म्हणतात बोलत नाही! लिही, लारास. दोन शब्द जोडतो का, असा प्रश्न आहे ना त्यात? यानं चार जोडले. लिही. केळ्याचंही लिही."

त्या दिवसापासून तुम्ही माझा रकाना तपासायला लागलात. "जे मला वाचता येत नाही त्याखाली मी सही करणार नाही," म्हणून एकेक खूण शिकून घेतलीत. सेनोसारखा कडक मास्तर मिळाला तुम्हाला. तुम्ही 'मासा' चुकीचा केलात की तो तुमची बोटं धरून सरळ करायचा.

पुढची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. एका संध्याकाळी गिलांग गॅरेजमधून आला, कोपरापर्यंत निळा रंग. तुम्ही शेगडीपाशी होतात. तुम्ही ओढणीला हात पुसलेत आणि त्याला हातांनी विचारलंत, "जेवलास?" हात उलटा होता. 'जेवलास'च्या जागी 'जेवण उद्या' असं काहीतरी झालं. पण गिलांग दारातच थांबला. चप्पलही काढली नाही. तो एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा तुमच्या हातांकडे.

मग तो खाली बसला आणि अगदी सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं, एकेक खूण करून त्यानं तुम्हाला विचारलं, "बापाला काय झालं होतं?"

तुम्हाला कळलं नाही म्हणून मी लिहून दिलं. तुमचा चेहरा मी विसरणार नाही. तो सात वर्षांचा असताना घरात माणसं जमली, बापाला पांढऱ्यात गुंडाळून नेलं, आणि त्याला कुणी काही सांगितलं नाही. मोठा झाल्यावर बाप वारला एवढं कळलं. कशानं, ते विचारायला त्याच्या तोंडी शब्द पुरेसे नव्हते, आणि हात वर करायची सोय नव्हती. तुम्ही सांगायला लागलात. ताप, डोकं, दवाखाना. खुणा संपल्या की माझ्याकडून शिकायच्या आणि पुढं सांगायचं. मेंदूज्वर झाला होता हे मी लिहून दिलं. मग तुम्ही एक वाक्य पूर्ण स्वतः केलंत, कुणाला न विचारता. बापाची खूण, गिलांगकडे बोट, आणि शोधण्याची खूण. बाप शेवटपर्यंत तुला शोधत होता.

गिलांगनं तुमच्या मांडीवर डोकं ठेवलं. तुमच्या झग्यावर निळा रंग लागला तो काही निघाला नाही. तुम्ही तो झगा टाकलाही नाहीत.

म्बाक नास्तितीनं दोन्ही रकाने शेजारी ठेवले. एकच गोष्ट तोंडातही असली आणि हातातही, तर तिनं ती एकदाच धरली. बेरीज पन्नासाच्या वर गेली. ती म्हणाली, "भाषा आहे, भरपूर आहे. तोंडचे शब्द कमी, कारण कानावर कमी पडतं. ते वाढवता येईल." तुम्ही घरी आल्या आल्या बू एन्दांच्या दारात गेलात आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात (हे मला त्यांनीच नंतर लिहून सांगितलं), "तुम्ही बाया दिवसभर गप्पा ठोकता ना? मग रोज दुपारी माझ्या नातवासमोर ठोका!" त्या अजून ठोकतात. बालवाडीतली तक्रार त्यांच्यामुळेच.

आणि तुम्ही रिकामी पिशवी रिकामीच परत नेलीत. इबू, त्यासाठी मी रोज नमाजानंतर तुमचं नाव घेते.

आता खरं ते लिहिते. तीन पानं झाली आणि मी त्याच्याभोवती नुसती फिरतेय.

विदुरीला ऐकू येत नाही.

जन्मल्यावर दवाखान्यात कान तपासले तेव्हा यंत्रानं दाद दिली नाही. म्हणाले, कानात पाणी असेल, महिन्यानं या. महिन्यानं गेलो. मग सुराबायाला पाठवलं. मागच्या गुरुवारी नक्की कळलं. दोन्ही कान. विविकला मी "बाळ छान आहे" असंच कळवत राहिले. ते खोटं नव्हतं.

तुम्ही घाबरू नका. आम्ही घाबरलेलो नाही. हेच तुम्हाला लिहिणं मला सगळ्यात अवघड जातंय. डॉक्टर फार हळुवारपणे, कागदावर शब्द निवडून निवडून लिहीत होते, आणि मला त्यांचीच दया येत होती. मी रडले, पण दुःखानं किती आणि कशानं किती, माझं मलाच सांगता येणार नाही. गिलांग तिला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसला आणि तिच्या डोळ्यांपुढं सावकाश बोलायला लागला. तिची नजर त्याच्या हातांवरून हलेना. अडीच महिन्यांची पोर! तिला घरात पहिल्या दिवसापासून कोणीतरी सांगणारं आहे. गिलांगला नव्हतं.

कानाच्या यंत्राचं डॉक्टर बोललेत. ते लावून बघायचं आमचं ठरलंय. म्बाक नास्तितीनंही बोलावलंय. ती म्हणाली, काही महिन्यांनी विदुरीचीही यादी सुरू करू.

कुणाचं बिनसलंय ते सेनोचं. त्याला सांगितलं तर आधी म्हणाला, "म्हणजे ती आपल्यासारखी." मी म्हटलं, "आईबाबांसारखी. तुला ऐकू येतं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मी एकटाच?"

उत्तर त्यानं स्वतःच शोधलं. डोळे पुसून म्हणाला, "नाही. उती आहे. उती आणि मी एका बाजूला."

म्हणून लिहितेय. तुम्ही या. तुमच्या डोळ्यांनी प्रवास झेपेल तेव्हाच या, गिलांग तुम्हाला घ्यायला ब्लितारला येईल. पाळण्यापाशी रडू आलं तर रडा, आम्ही मनाला लावून घेणार नाही. फक्त त्या दिवशी बाकावर जे म्हणाला होतात, त्याच्या उलटं काही या पोरीबद्दल म्हणू नका. ती बुडालेली नाही, इबू. तुम्ही असं म्हणणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण लिहिल्याशिवाय मला झोप लागत नव्हती.

आणखी एक. आमच्यात प्रत्येकाला कागदावरच्या नावाखेरीज हातांचंही एक नाव असतं. तुमचं सेनोनं ठेवलंय, सोन्याच्या दाताला बोट लावून. ते तुम्हाला ठाऊक आहे आणि आवडत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. विदुरीचं हातांचं नाव अजून ठेवलेलं नाही. रीतीनं ते बहिऱ्या माणसानं ठेवायचं असतं. गिलांगनं ठेवायला हवं होतं. तो म्हणतो, मी ठेवणार नाही, माझी आई ठेवील.

तुमचे हात बघण्यासाठी थांबलेल्या नातीची आई,

लारास